लेखिकेचा हेतू ओळखा

१४ जून

वन्सं,

नमस्कार. बिट्टी पोचल्याचं तुमच्या शेजारणीच्या फोनवरून कळलं. तुम्ही स्वतः कळवलं नाहीत, पण तुमची वर्गाची वेळ असेल, आम्ही समजून घेतलं. समजून घ्यायची सवय मला लग्नापासूनच आहे.

बॅगेत निळं पांघरूण आहे, ते तिलाच द्या. वर्गात पोरांच्या खाली अंथरायला घेऊ नका. तिचा डावा कान थंडीत ठणकतो, औषधाची बाटली बाजूच्या कप्प्यात ठेवली आहे. जेवताना ती पुस्तक वाचते, ते आम्हालाही सोडवता आलं नाही. अभ्यासाला बसली की तिला उठवावं लागतं, तेव्हा सकाळी उशिरा उठली तर आळशी म्हणू नका. तुमच्या भावाच्या घरात कुणी आळशी नाही, निदान मी आल्यापासून तरी.

बाकी विषयांत ती बरी आहे. इंग्रजीचे उतारे आले की गटांगळ्या खाते, म्हणून ह्यांनी मला न विचारता तुम्हाला शब्द देऊन टाकला. लाँड्रीच्या काउंटरपलीकडचं हे कधी काही ठरवत नाहीत, आणि ठरवलं ते हे. असो. ठरलंय ते एका वर्षाचं. मोठी परीक्षा झाली की बिट्टी घरी. आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणाची आठवण कच्ची पडायला नको.

मुलीशी वर्षभर फोनवर बोलायचं नाही, फक्त पत्रं लिहायची आणि तीही तुमच्या हातून जायची, हा तुमचा नियम कळला. दिवसभर लोकांच्या कपड्यांना चिठ्ठ्या टाचतोच आहोत, त्यात आणखी एक.

ह्यांनी नमस्कार सांगितलाय.

वहिनी

•

२५ जून

वहिनी,

नमस्कार. तो खोडून टाका. वर्गात मी हेच शिकवते. कुठलाही उतारा समोर आला की आधी नमस्कार-चमत्कार खोडायचे. मग लेखक कोणती गोष्ट पुन्हापुन्हा सांगतोय ते बघायचं. मग शेवट बघायचा, कारण माणूस मागणं शेवटी मागतो. आणि मग स्वतःला विचारायचं, की या माणसाला माझ्याकडून नेमकं काय हवंय? माहिती द्यायची आहे, हसवायचं आहे, काही गळी उतरवायचं आहे, की मला ओशाळं करायचं आहे? मुलांना शब्दांचे अर्थ पाठ असतात, हेतू मात्र ओळखता येत नाही आणि मार्क तिथेच जातात. तुमच्या मुलीचेही तिथेच जात होते. लिहिलेलं सगळं तिला खरं वाटतं. घरात तिला याहून वेगळं कुणी शिकवलं नसावं.

उदाहरणादाखल तुमचंच पत्र घ्या. पांघरूण, कान, झोप, जेवण. वरवर वाचणाऱ्याला वाटेल, आई माहिती देते आहे. पण ती माहिती बाजूला केली की खाली एकच गोष्ट उरते, मी निष्काळजी आहे. ती तुम्ही चार वेळा सांगितलीत. आणि शेवटाकडे मागणं: परीक्षा झाली की बिट्टी घरी. हेतू दम द्यायचा, आणि वर काळजीचा मुलामा. मुलांना हे शिकवायला मला एरवी उतारे शोधत बसावं लागतं.

पांघरूण तिच्याच अंगावर असतं. कानात औषध मी स्वतः घालते. वर्गात मात्र सगळ्यांना नंबर आहेत, ती सतरा आहे, आणि वर्गाच्या वेळात मी तिची आत्या नाही.

तिनं घरी पत्र लिहायचं ते इंग्रजीतच, सरावासाठी. पहिलं सोबत जोडलं आहे.

वर्षानंतरचं वर्षानंतर बघू. इथली कॉलेजं चांगली आहेत आणि माझी वरची खोली रिकामीच असते. तुमच्याकडे जी माझी खोली होती, तिथे आता लोकांनी परत न नेलेल्या कपड्यांचे गठ्ठे असतात असं दादा म्हणाला होता.

दादाला नमस्कार. तोही खोडा.

धाकटी

•

९ जुलै

वन्सं,

खोडायला सोपं जावं म्हणून नमस्कार लिहितच नाही.

पोटच्या पोरीचं पत्र मला वाचता आलं नाही. तुम्हाला हे ठाऊक होतं. मी सातवीनंतर शाळा सोडली हे लग्नाच्या बैठकीत तुम्हीच तर विचारून घेतलं होतंत. ह्यांचं इंग्रजी वॉशिंग पावडरच्या पाकिटापुरतं. शेवटी पत्र घेऊन समोरच्या औषधवाल्यांकडे गेले. दुकानात चार गिऱ्हाईकं उभी. त्या भल्या माणसानं आयुष्यभर औषधांच्या पट्ट्याच वाचल्यात, त्यामुळे पोरीचं पत्रही त्यानं तसंच वाचलं. अभ्यास दिवसातून दोनदा. झोप जेवणानंतर. तब्येत ठीक. ती काय खाते, तिला करमतं का, कुणाशी बोलते, यातलं अक्षर नाही. मी म्हटलं, अजून काही आहे का? तो म्हणाला, नाही, खाली सही आहे. गिऱ्हाईकं माझ्या तोंडाकडे बघत होती.

तुम्हाला काय, तुमचा सराव झाला. मी घरी येऊन इस्त्रीवर उभी राहिले आणि एका गिऱ्हाइकाचा पांढरा शर्ट जाळला. बावीस वर्षांत माझ्या हातून कपडा जळला नव्हता. भरपाई आम्ही दिली, तुमच्याकडे मागत नाही. फक्त माहिती असावी.

मला रोज वाटतं की तिला जेवताना पुस्तकावरून कुणी रागावत असेल आणि ती गप्प बसत असेल. माझ्याकडे ती उलट बोलायची. तुमच्याकडे ती बोलत नसेल, तुमच्याकडे कोण बोलतं? एवढ्या मोठ्या घरात तुम्ही एकट्याच का राहता, हा प्रश्न मी तुम्हाला कधी विचारला नाही. आताही विचारत नाही.

पुढचं पत्र तिला आपल्या भाषेत लिहू द्या. तिची आई जिवंत आहे तोवर तरी.

ह्यांनी नमस्कार सांगितलाय. खरं तर नाही सांगितला, हे इस्त्री करतायत, पण दरवेळी मीच लिहिते.

वहिनी

•

२० ऑक्टोबर

वन्सं,

बिट्टी सहामाहीच्या सुट्टीसाठी घरी आली, चार दिवस राहिली, काल परत पाठवली. पोचली असेलच.

आमच्याकडे खिसे तपासल्याशिवाय कपडा पाण्यात जात नाही. तिच्या शाळेच्या गणवेशाच्या खिशात घडी घातलेला छापील कागद सापडला. सगळा इंग्रजीत, वर सतरा नंबर, खाली तुमची लाल शाई. मला वाटलं प्रगती बघावी, म्हणून कौतुकानं औषधवाल्यांकडे नेला. त्यानं वाचायला सुरुवात केली. एक बाई लाँड्री चालवते, ती नवऱ्याच्या बहिणीला लिहिते, की मला माझ्या मुलीचं पत्र वाचता आलं नाही. मग औषधांच्या दुकानातली गिऱ्हाईकं आली, मग जळलेला शर्ट आला. तिथे तो थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, हे तुमचंच आहे का?" मी म्हटलं, वाचा.

खाली प्रश्न होता, लेखिकेचा मुख्य हेतू ओळखा. अ, माहिती देणे. ब, मनोरंजन करणे. क, वाचणाऱ्याला ओशाळं करून स्वतःची गोष्ट पदरात पाडून घेणे. ड, सल्ला देणे. आणि माझ्या पोरीनं क वर खूण केली होती. तुम्ही शेजारी शाबासकी दिली होतीत.

किती पोरांनी वाचलं हे? चाळीस? पन्नास? माझा जळलेला शर्ट कुणाकुणाला पाठ आहे?

तिला मी विचारलं. रागावले नाही, नुसतं विचारलं, की हे तू लिहिलंस का? ती कपडे घड्या घालत होती. म्हणाली, "मार्क क ला होता, आई." एवढंच. मग आम्ही दोघींनी मिळून चादरींच्या घड्या घातल्या.

तुम्ही मला आवडत नाही हे मी आजवर लिहिलं नव्हतं, कारण घराला शोभत नाही. आता लिहिते. पहिल्या दिवसापासून नाही आवडलात. तुमच्या भावाशी लग्न केलं म्हणजे मी तुमचं काहीतरी चोरलं, असं तुम्ही माझ्याकडे बघत आलात. आता तुम्ही माझं खरोखरच चोरताय.

परीक्षा झाली की ती घरी. यात बदल नाही.

वहिनी

•

२८ ऑक्टोबर

वहिनी,

तुमचा राग मिळाला. तो तुमच्या काळजीपेक्षा बरा लिहिलेला आहे.

मी नावं काढली होती. गाव काढलं होतं. छापील पुस्तकातले उतारे मेलेले असतात, कुणीतरी पगारी माणूस मधमाशांवर किंवा रस्त्याच्या नियमांवर लिहितो, त्याला कुणाकडूनच काही नको असतं. त्यावर हेतू कसा शिकवायचा? तुमच्या पत्रात प्रत्येक ओळीला माझ्याकडून काहीतरी हवं होतं. मुलांना ते लगेच दिसलं. अट्ठेचाळीसपैकी एकेचाळीस जणांनी क लिहिलं. याचा अर्थ मी दुष्ट आहे असा घ्या हवं तर, पण त्यांचं उत्तर चूक होतं का, ते मला सांगा. पोरगी घरी पत्र लिहिते म्हणून तुम्ही शर्ट जाळलात, आणि भरपाई मागत नाही हे सांगायला अख्खा परिच्छेद घातलात. मला ओशाळं करायचं नव्हतं तर तो शर्ट पत्रात आला कशाला?

आणि सतराला ते पत्र तुमचं आहे हे कळलंसुद्धा नाही. तुमचं बोलणं इंग्रजीत गेलं की कुणाचंही होतं. सुट्टीत तुम्ही दाखवून दिलंत म्हणून कळलं असेल तेवढंच. तुम्हीच तिला दुखवलंत.

मी चोरते म्हणालात. ती इथे आली तेव्हा उताऱ्यात दहापैकी तीन मिळवायची, आता नऊ मिळवते. तुमच्या काउंटरवर बसवून तिला कॉलर घासायला लावणार असाल, तर मी चोरतेच आहे. कॉलेजसाठी मी इथे बोलून ठेवलंय. दादाचा विरोध नाही. म्हणजे तो काही बोलला नाही, पण त्याच्या बाबतीत तेच धरायचं असतं.

तुम्हाला वाईट वाटलं असेल तर पुढच्या वेळी लाँड्रीच्या जागी शिंप्याचं दुकान घालीन.

मी या घरात एकटी का राहते, हे तुम्ही न विचारता विचारलंत. ते मात्र उत्तम जमलं होतं. मी फळ्यावर लिहून घेतलं.

धाकटी

•

१२ जानेवारी

वन्सं,

येत्या बुधवारी माझं ऑपरेशन आहे. पोटात गाठ आहे. कसली आहे ते काढल्यावरच कळेल असं डॉक्टर म्हणाले.

दुकान चार दिवस बंद ठेवतोय. किल्ली औषधवाल्यांकडे आहे. हे दवाखान्यात माझ्याजवळ राहतील.

बिट्टीला सांगा. समोर बसवून सांगा, कागदावर नको. यायचं म्हणाली तर दोन दिवस पाठवा. अभ्यास आहे म्हणाली तर राहू दे, माझा राग नाही.

वहिनी

•

१९ जानेवारी

वहिनी,

मानलं तुम्हाला. आजवरचं तुमचं सर्वांत चांगलं पत्र. टोमणा नाही, नमस्कार नाही, ह्यांनी काय सांगितलं तेही नाही. काय खोडलं जातं हे तुम्ही माझ्याकडूनच शिकलात आणि तेवढं गाळून लिहिलंत. पण शेवटची ओळ राहिलीच. "माझा राग नाही." जिला राग नसतो ती तसं लिहीत नाही.

आणि वेळ कशी साधलीत बघा. सराव परीक्षा सुरू व्हायला आठवडा असताना. माझ्याकडून कॉलेजचं ऐकल्यावर तुम्ही दोन महिने मिठाची गुळणी धरलीत, तेव्हाच मला वाटलं होतं की काहीतरी शिजतंय. परीक्षेच्या तोंडावर पोरीला घरी न्यायचं, दोन दिवसांचे पंधरा करायचे, मग ती कच्ची राहिली की म्हणायचं, बघा, आत्याकडे राहून काय दिवे लावले.

तरीही मी खात्री करून घेतली. काल दुपारी दुकानात फोन केला, संध्याकाळी पुन्हा केला. दोन्ही वेळा नुसता वाजत राहिला. खरंच ऑपरेशन असतं तर दादानं उचलून मला सांगितलं असतं. तो काउंटरवर बसून फोनकडे बघत होता आणि तुम्ही त्याला उचलू देत नव्हता, हे मला इथून दिसलं.

सतराला मी काही सांगितलेलं नाही. तिची परीक्षा होऊ दे. पत्र मात्र वाया जाणार नाही. माहितीचा आव आणणारा हेतू ओळखणं मुलांना सगळ्यात जड जातं, त्यासाठी यापेक्षा चांगला उतारा मला सापडायचा नाही. कबूल केल्याप्रमाणे शिंप्याचं दुकान घालते.

धाकटी

•

८ फेब्रुवारी

धाकटे,

मी दादा. मला लिहायची सवय नाही, तेव्हा चुकलं तर चुकलं.

तुझ्या वहिनीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. टाके काढले, अजून इस्त्रीवर उभं राहू देत नाही. तुझं पत्र मी तिला दवाखान्यातून आल्यावर वाचून दाखवलं. वाचायला नको होतं. तिनं सगळं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

तू फोन केलास तेव्हा दुकानाचं शटर खाली होतं. बंद दुकानात फोन वाजत होता. औषधवाल्यांनी समोरून ऐकला, पण त्यांना वाटलं गिऱ्हाईक असेल.

बिट्टी परवा आली. न सांगता, एकटी, एक बॅग घेऊन. तिच्याकडे तुझा कागद होता. शिंप्याचं दुकान, गाठ, ऑपरेशन, शेजाऱ्याकडे किल्ली. तिनं अ वर खूण केली होती, माहिती देणे. तू लाल शाईनं फुली मारलीस. ती सांगत होती, वर्गात उभी राहून तिनं विचारलं, "हे खरं असेल तर?" आणि तू म्हणालीस, "उताऱ्यात खरं-खोटं बघायचं नसतं, हेतू बघायचा."

मी तिला विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, आई मला परत आणायला काहीही लिहील, पण दुकान बंद ठेवलं असं खोटं लिहिणार नाही. धाकटे, ती बरोबर बोलली. आपले बाबा गेले त्या दिवशीसुद्धा तुझ्या वहिनीनं संध्याकाळी शटर उघडलं होतं, कुणाचे तरी लग्नाचे कपडे अडकले होते म्हणून. तू तेव्हा तिला दगडाची म्हणाली होतीस. तुला हे आठवायला हवं होतं. मला तुझा राग आला आहे. मला पटकन राग येत नाही हे तुला माहीत आहे.

परीक्षेचं केंद्र तिकडेच आहे, म्हणून ती येईल. तुझ्याकडे उतरणार नाही. तुझ्या वर्गातल्या नऊ नंबरच्या मुलीच्या घरी राहील, त्यांच्याशी बोलणं झालं आहे. कॉलेजचं मी तुला कधी हो म्हटलं नव्हतं. गप्प होतो. गप्प राहणं म्हणजे हो नाही.

दादा

•

२ एप्रिल

वहिनी,

तुमची तब्येत आता कशी आहे? टाके दुखतात का? मला हे आधी विचारायला हवं होतं.

इंग्रजीच्या पेपरला मी केंद्राच्या फाटकाशी उभी होते. दरवर्षी मुलांसाठी उभी राहते, म्हणून यंदाही कुणाला नवल वाटलं नाही. ती नऊ नंबरच्या मुलीबरोबर आली आणि माझ्या अंगावरून गेली. तिनं मला बघितलं. मी हाक मारणार होते, पण काय म्हणून मारू ते कळेना, सतरा म्हणून की बिट्टी म्हणून. तेवढ्यात ती आत गेली.

त्या उताऱ्याचा मार्क मी सगळ्यांचा बदलला. ज्यांनी अ लिहिलं होतं त्यांना दिला. तशी ती एकटीच होती. वर्गात सांगितलं की उत्तर माझं चुकलं होतं. मुलांनी का म्हणून विचारलं, मी फळा पुसायला घेतला.

निळं पांघरूण इथेच राहिलं आहे. धुतलं नाही, वरच्या खोलीत पलंगावर तसंच आहे. ती जेवताना पुस्तक वाचायची, तिला मी कधी रागावले नाही. तुम्हाला वाटत होतं की मी रागावते. मीसुद्धा माझं पुस्तक घेऊन बसायचे, आम्ही दोघी वाचत जेवायचो. गेल्या कित्येक वर्षांत मी कुणाबरोबर जेवले नव्हते. आता ताट वाढून घेते आणि तसंच राहतं. संध्याकाळी वर जाते, पांघरुणाची घडी घालते आणि पुन्हा पसरून ठेवते. कशासाठी ते मला माहीत नाही.

कॉलेजचं राहू द्या. ती तुमच्याकडेच राहू दे. मला तिला एकदा बघायचं आहे, बाकी काही नको. तुम्ही बरोबर आलात तरी चालेल. पांघरूण न्यायला म्हणून पाठवा.

धाकटी

•

११ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र आलं. मी ते तुमच्याच रीतीनं वाचलं. अक्षर आपल्या भाषेतलं होतं, औषधवाल्यांची गरज पडली नाही.

आधी खोडायचं ते खोडलं. माझी तब्येत, माझे टाके. जानेवारीत त्या टाक्यांवर तुम्ही पोरांचे मार्क कापलेत, आता एप्रिलमध्ये ते दुखतात का म्हणून विचारताय, म्हणजे तो नमस्कारच झाला. मग पुन्हापुन्हा काय येतंय ते बघितलं. पांघरूण. पलंगावर आहे, घडी घालता, परत पसरता, आणि शेवटी न्यायला पाठवा. एक पांघरूण इतक्या वेळा कशाला यावं? पोस्टानं येत नाही का ते? मग शेवट बघितला. "बाकी काही नको." जिला काही नको असतं ती तसं लिहीत नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत. तुमचं ताट तसंच राहतं, हे मला कळवून काय होणार होतं? माझा शर्ट जळला तेव्हा तो पत्रात कशाला आला म्हणून तुम्ही विचारलं होतंत. आता मी विचारते.

उत्तर क. मला दुसरं काही दिसलं नाही. मी शोधलं सुद्धा. इस्त्री बंद करून दोनदा वाचलं.

फाटकाशी उभ्या राहिलात ते बरं केलंत. माझी पोर दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहिली असती, तेवढीही सवड तुम्ही तिला दिली नाहीत. मी भूल द्यायच्या खोलीत जाईपर्यंत दाराकडे बघत होते. मला वाटत होतं, वन्सं कशाही असल्या तरी पोरीला सांगतीलच. हे मी विसरणार नाही आणि तुम्हीही विसरू नका.

तुमचं पत्र मी तिच्यापासून लपवलं नाही. तुमच्यासारखं करायचं नाही असं ठरवलं होतं. तिनं वाचलं, माझं हे उत्तरही वाचलं, आणि म्हणाली, खाली जागा ठेव. ठेवली आहे. तिनं काय लिहिलं ते मी न बघता पाकीट बंद करते.

वहिनी

आत्या,

आईचं उत्तर चुकलं आहे. तुझ्या रीतीनं वाचलं तर तसंच येतं, तिचा दोष नाही.

शर्टाचं पत्र आईचं आहे हे मला पहिल्या ओळीतच कळलं होतं. मी तरी क लिहिलं. त्या दिवशी मी आईचा हेतू ओळखला नव्हता, तुझा ओळखला होता. तुला क हवं होतं. ते मला आजही रोज आठवतं आणि त्यासाठी मला तुझा फार राग येतो, आईला सांगितलं नाही तरी.

या पत्राचं उत्तर अ आहे. तुला मला बघायचंय, तेवढंच लिहिलंयस, आणि ते खरं आहे. तू जेवताना मला कधीच रागावली नाहीस, हेही खरं आहे, मी आईला तसं सांगितलं.

मी येणार नाही. पांघरूण पोस्टानं पाठव.

सतरा